खाडीचे पाणी आणि यंत्राचे तोंड

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रावलीन येथे सहा अणुभट्ट्यांचे मोठे वीजकेंद्र आहे. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या चार भट्ट्या काही तासांच्या अंतराने आपोआप बंद पडल्या. उरलेल्या दोन देखभालीसाठी आधीच थांबवलेल्या होत्या. म्हणजे सारे केंद्रच ठप्प झाले. हे घडवले जेलीफिशनी. उत्तर समुद्राचे पाणी कालव्यातून या केंद्रात येते. ते आत घेणाऱ्या पंपांच्या गाळण्यांवर जेलीफिशचा थर बसला आणि पाणीच अडले. किरणोत्सर्गाचा धोका उद्भवला नाही, सुरक्षा यंत्रणेने आपले काम चोख केले. पण असा प्रसंग पहिला नव्हता. 2011 मध्ये स्कॉटलंडमधील टॉर्नेस आणि 2013 मध्ये स्वीडनमधील ऑस्करशाम येथेही हेच झाले होते.

औष्णिक असो वा अणू, वीजकेंद्रात तयार होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशाचीच वीज होते. बाकीची बाहेर टाकावी लागते आणि त्यासाठी समुद्र सोयीचा. एक हजार मेगावॉटच्या अणुभट्टीला सेकंदाला साधारण 40 ते 50 घनमीटर पाणी लागते. एवढा लोंढा अरुंद कालव्यातून किंवा खाडीतून ओढला की पाण्याबरोबर जे असेल ते सगळे येते. मासळी, शेवाळ, आणि आपल्याकडे तर प्लास्टिकच्या पिशव्याही.

जेलीफिशमुळे केंद्र बंद पडले की बातमी होते. उलट बाजूची हानी मात्र रोज होते आणि ती कुणाला दिसत नाही. गाळणीची भोके साधारण एक सेंटिमीटरची. त्याहून मोठे मासे जोरदार ओढीने जाळीला चिकटून मरतात. अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्ले जाळीतून सरळ आत जातात. तिथे पंपाचे फटके, उष्णता, शिवाय नळांत शिणाणे आणि तत्सम जीव चिकटून बसू नयेत म्हणून सोडलेले क्लोरीन. यातून जिवंत बाहेर पडणे कठीणच.

कोकणच्या खाड्या म्हणजे मासळीची बाळंतिणीची खोली. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पोरे वाढायला खाडीत, कांदळवनाच्या आसऱ्याला येतात. बोय आणि जिताडाही लहानपणी तिथेच वाढतात. डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक केंद्र आहे, तारापूरचे अणुकेंद्र 1969 पासून समुद्राच्या पाण्यावर थंड होते. विजेची गरज नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या चर्चेचा सगळा भर बाहेर सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यावर असतो. तो योग्यच आहे. जून 1999 नंतरच्या किनारी औष्णिक केंद्रांना सात अंशांहून अधिक तापमानवाढ करण्याची मुभा नाही. पाणी आत घेणाऱ्या तोंडाकडे मात्र तेवढ्या काटेकोरपणे पाहिले जात नाही.

खरे तर उपाय जुने आणि माहितीतले आहेत. मोठ्या केंद्रांसाठी अमेरिकेने 2014 मध्ये केलेल्या नियमात एक पर्याय आहे: जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 15 सेंटिमीटरच्या आत ठेवायचा. एवढ्या संथ ओढीतून बहुतेक मासे पोहून निसटतात. तोंड रुंद केले की तेवढेच पाणी कमी वेगाने येते, हे शाळेतलेच गणित. समुद्राच्या तळाशी उघडणाऱ्या नळावर टोपी बसवली तर पाणी वरून खाली न ओढले जाता आडवे शिरते. आडवा प्रवाह माशांना जाणवतो, उभा फारसा जाणवत नाही. अंड्यांना मात्र यातले काही वाचवत नाही, कारण त्यांना पोहताच येत नाही. त्यांच्यासाठी पाणीच कमी ओढावे लागते, म्हणजे शीतकरण मनोरे उभारावे लागतात. त्यांचा खर्च मोठा आणि थोडी वीजही त्यांतच जाते. म्हणून निदान नव्या केंद्राचे तोंड खाडीच्या आत, कांदळवनालगत नसावे, हा आग्रह परवान्याच्या टप्प्यावरच धरायला हवा. जुन्या केंद्रांनी जाळीवर रोज काय आणि किती अडकते याची नोंद ठेवून ती जाहीर करावी. कोळंबीचे पोर खाडीत कोणत्या महिन्यांत शिरते, हे कोणत्याही कोळीवाड्यात विचारले तर कळते. वार्षिक देखभालीसाठी पंप कधी थांबवायचे, ते त्यावरून ठरवता येईल.