आखाती पैसा आणि दिल्लीचे मौन

एके काळी मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर कोकणातील चुली पेटत. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावांत तिची जागा आखातातून येणाऱ्या पैशाने घेतली. गिरणी कामगाराच्या पैशावर घर चाले. आखातातील मजुराच्या पैशावर घराबरोबरच देशाची परकीय चलनाची गंगाजळीही विसंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी पाठविलेल्या पैशात आखाती देशांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता. ज्या दारातून एवढा पैसा येतो, त्या दारापुढे सरकारचा आवाज आपोआप खाली येतो.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेन यांच्या गळाभेटीमुळे टीकेचे धनी झाले. पण अम्मानमार्गे लाखाहून अधिक माणसे मायदेशी परतली. त्याच संकटात तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला आणि इतर कारणांची त्यात भर पडून १९९१ साली देशाला सोने गहाण टाकावे लागले. तो धसका राज्यकर्त्यांच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

माणसे वाचविण्यासाठी शब्द आवरणे समजू शकते. पैशाचा ओघ टिकावा म्हणून माणसालाच स्वस्त करणे मात्र अक्षम्य होय. आखातात जाणाऱ्या मजुरांसाठी भारत सरकारनेच ठरविलेले किमान वेतन सप्टेंबर २०२० मध्ये ३० ते ५० टक्क्यांनी उतरविण्यात आले. नोकऱ्या टिकाव्यात, हे त्याचे समर्थन. मजुरांच्या बाजूने विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा कुठे जुलै २०२१ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला.

आपण ताठर झालो तर मालक दुसऱ्या देशातून मजूर आणतील, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण २०१८ साली एका मोलकरणीच्या निर्घृण हत्येनंतर फिलिपाइन्सने कुवेतला माणसे धाडणेच थांबविले. मेमध्ये कुवेतने करार केला आणि मालकाने पासपोर्ट काढून घेण्यास त्यात मनाई झाली. भारतापेक्षा कितीतरी लहान देशाला जे साधले, ते सुमारे नव्वद लाख माणसे आखातात असलेल्या भारताला का साधू नये?

भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि फिलिपाइन्स एकमेकांहून स्वस्त मजूर पुरविण्याची स्पर्धा करीत राहिले, तर मालकच जिंकणार. या देशांनी मिळून किमान वेतनाची एकच अट घालावी. संप फोडणाऱ्याला गिरणीच्या फाटकाशी अडविण्याचा जो न्याय, तोच येथे लागू आहे. ही मागणी दिल्लीला आपणहून सुचणार नाही. ज्या गावांतून माणसे आखातात जातात, त्या गावांत कार्यकर्त्यांनी ती उभी केली पाहिजे.