धाप आणि लस

१ मार्च २०२१ पासून साठीपुढील सर्वांस कोरोनाची लस मिळूं लागली, तेव्हां आमच्या धाराशिव जिल्ह्यांत (त्या वेळीं कागदोपत्रीं उस्मानाबाद) घरोघर एक प्रश्न ऐकूं येई : "आईला दमा आहे, तिला लस टोचावी कीं नाहीं?" प्रश्न रास्त होता, परंतु पुष्कळ घरांत त्याचें उत्तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वींच ठरून जाई. "तिला आधींच चार पावलांवर धाप लागते, त्यांत हा नवा ताप कशाला? धडधाकट माणसांनीं घ्यावी. तिनें आपलें घरांत बसावें." हें उत्तर अडाणी माणसांचें होतें असें कोणीं समजूं नये. ज्या घरीं रोज वर्तमानपत्र येतें आणि ज्यांचे मुलगे पुण्या-मुंबईस मोठ्या हुद्द्यावर आहेत, अशा घरांतूनही तें मीं ऐकलें आहे. त्यामागें आईविषयींची मायाच होती. मात्र त्या मायेनें जिला सर्वांआधीं पुढें न्यावयाचें तिलाच मागें ठेविलें.

दमा हा शब्द आपण फार सैल वापरतों. चरकसंहितेंत श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पांच प्रकार केलेले आहेत, आणि कारणांमध्यें धूळ व धूर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आजचें वैद्यकही येथें दोन रोग निराळे मानतें. एक खरा दमा : यांत श्वासनलिका मधूनमधून आकुंचन पावतात व औषधानें पुन्हा मोकळ्या होतात. दुसरा तो, ज्यास डॉक्टर सीओपीडी म्हणतात : यांत नलिका वर्षानुवर्षें अरुंद होत जातात, फुफ्फुसांतील हवेच्या पिशव्या झिजतात, आणि गेलेलें तें पुन्हा येत नाहीं. भारतांत २०१६ सालीं या दुसऱ्या रोगाचे सुमारें ५ कोटी ५३ लक्ष रोगी होते, असा जागतिक रोगभार-गणनेचा अंदाज आहे. १९९० मध्यें हाच आंकडा २ कोटी ८१ लक्ष होता.

हा रोग विडी ओढणाऱ्यांचा, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. पुण्याचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनीं पीटर बार्न्स यांच्यासह २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें लिहिलेल्या लेखांत दाखविलें आहे कीं, जगांत तंबाखू ओढणारे सुमारें १०१ कोटी, तर लांकूड, शेण व काडीकचरा यांच्या धुरांत राहणारे सुमारें ३०० कोटी. हे आंकडे वाचतांना मला आमच्याकडील माळवदाच्या घरांतलीं स्वयंपाकघरें आठवलीं. धूर जावयास वर एक भोंक, खालीं तुराट्या, गोवऱ्या व बाभळीचें ओलें जळण, आणि हातांत फुंकणी. गॅसची शेगडी आली तीही प्रथम चहापुरती. सोवळ्याचा स्वयंपाक आणि देवाचा नैवेद्य पुढें कित्येक वर्षें चुलीवरच होत असे. ज्या माउल्या आज पंचाहत्तरीच्या पुढें आहेत त्यांनीं तीस-तीस वर्षें ती फुंकणी फुंकली आहे. त्यांनीं जन्मांत विडीला स्पर्श केला नाहीं. पण छातीला तो भेद कळत नाहीं. घराबाहेर मळणी यंत्राचा भुसा, गुऱ्हाळाचा धूर आणि खडीच्या यंत्राची धूळ आहेच.

या बायकांपैकीं कितीजणींच्या रोगाला कधीं नांव मिळालें? "वयोमानानें होतें," एवढ्यावरच तें भागतें. तुळजाभवानीचें देऊळ सखल भागीं असल्यानें दर्शनास जातांना पायऱ्या उतरावयाच्या असतात; येतांना त्याच चढाव्या लागतात. पूर्वीं एका दमांत वर येणारी बाई मग मधल्या दरवाजाशीं टेकूं लागते, पुढें दोनदां टेकते, आणि एके वर्षीं "यंदा तुम्हींच जाऊन या, मी घरूनच हात जोडतें," असें म्हणते. घरच्यांस वाटतें, तिचा उत्साह कमी झाला. वस्तुतः फुफ्फुस कमी झालेलें असतें.

अशा फुफ्फुसाला कोरोनाचा विषाणू काय करतो, हें आपल्या दुष्काळी मुलुखांतील माणसास समजावयास कठीण नाहीं. ज्याच्या आडाला चार परस पाणी आहे, त्याचें एक वर्ष पाऊस चुकला तरी निभतें. ज्याच्या रांजणांत तळाशीं दोन तांबे उरले आहेत, त्याचा टँकर एक दिवस चुकला तरी घर उन्हांत येतें. निरोगी मनुष्याच्या फुफ्फुसांत गरजेहून पुष्कळ अधिक शिल्लक असते; ज्वरानें तींतली कांहीं गेली तरी तो तरतो. जुन्या श्वासरोग्यापाशीं ही शिल्लकच नसते. म्हणूनच सीओपीडीच्या रोग्यांत कोरोना अधिक तीव्र होतो असें देशोदेशीं आढळून आलें. सौम्य व औषधानें आटोक्यांत असलेल्या दम्याची गोष्ट इतकी वाईट नाहीं. परंतु ज्यास वारंवार इस्पितळांत जावें लागतें, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या खाव्या लागतात, त्यानें स्वतःस सौम्य समजूं नये.

शासनानें ही गोष्ट ओळखिली नव्हती असें नाहीं. त्याच १ मार्चला ४५ ते ५९ वयाच्या ज्या लोकांस वीस ठराविक व्याधींपैकीं एक आहे, त्यांनाही लस खुली झाली, आणि त्या वीसांत तीव्र श्वसनरोग होता. पण अट अशी कीं, गेल्या दोन वर्षांत त्यापायीं इस्पितळांत राहिलेलें असावें, अथवा जोरानें फुंकलेल्या श्वासाचा पहिल्या सेकंदांतला भाग अपेक्षित प्रमाणाच्या निम्म्याहून कमी असावा. आणि तसा नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला हवा. आतां भूम-परंड्याच्या एखाद्या वाडीवरील पन्नाशीच्या बाईनें हा श्वास कोठें मोजून घ्यावा? ती खोकत असे, पण इस्पितळांत राहिलेली नसे. धापत असे, पण तिच्या धापेचा कागद नसे. नियम करणाऱ्यांचा हेतु चांगला होता, तरी ज्यांच्या रोगाची नोंद झाली त्यांच्याच तो उपयोगी पडला, असें माझें मत आहे. सुदैवानें ही अट एक महिनाच टिकली. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळिशीपुढील सर्वांस व्याधी असो वा नसो, लस मिळूं लागली. तोंवर दुसरी लाट दारांत आलेली होती.

कागदाची अडचण गेली, मनांतली राहिली. "लस म्हणजे थोडासा रोगच अंगांत सोडणें, तो छातींत उतरला तर?" ही शंका मला अनेकांनीं विचारली. कोव्हॅक्सिनमधील विषाणू मारलेला असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साहाय्यानें ती हैदराबादेस तयार झाली. पुण्यासच सीरम इन्स्टिट्यूटनें बनविलेल्या कोव्हिशील्डमध्यें कोरोनाचा विषाणूच नसतो; चिंपांझीच्या सर्दीचा, वाढ खुंटविलेला एक विषाणू कोरोनाच्या कांट्याची ओळख तेवढी घेऊन येतो. दोहोंपैकीं कोणत्याही लसीनें कोरोना होणें शक्य नाहीं. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते. ती शरीराच्या तालमीची खूण होय, छातीच्या बिघाडाची नव्हे.

याहून अधिक अनर्थ दुसऱ्या समजुतीनें केला. लस घ्यावयाची म्हणून कित्येकांनीं आठ-आठ दिवस आधीं आपला ओढावयाचा पंप बंद ठेविला! औषध व लस यांची गांठ पडूं नये, हा त्यांतील तर्क. पंप बंद करण्याचें कांहींच कारण नव्हतें. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ व मोठ्या मात्रेंत चालूं असल्या तर लसीचा गुण कांहींसा उणा येतो हें खरें, पण म्हणून लस टाळावी असें ठरत नाहीं, आणि गोळ्या तर आपल्या मनानें मुळींच सोडूं नयेत. थांबावयाचें कोणीं? ज्याला पूर्वींच्या डोसानें किंवा लसीच्या घटकानें तीव्र ॲलर्जी झाली त्यानें. आणि ज्याला त्याच वेळीं ज्वर किंवा धापेचा जोर आहे, त्यानें बरें होईपर्यंत.

लसीनें सर्व साधलें असें मात्र म्हणवत नाहीं. २०२२ च्या आरंभीं ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हां दोन-दोन डोस घेतलेलेही आजारी पडले. लसीचें मुख्य काम मरणापासून व प्राणवायूच्या नळीपासून वांचविणें हें होतें, आणि तें तिनें पुष्कळ अंशीं केलें. २०२४ मध्यें कोव्हिशील्डच्याच जातीच्या लसीनें क्वचित् रक्ताच्या गुठळ्या होतात, ही बातमी विलायतेंतील खटल्याच्या निमित्तानें पुन्हा गाजली, व तीन वर्षांपूर्वीं टोचून घेतलेले लोक धास्तावले. तो दोष खरा आहे, पण अत्यंत विरळ. आणि तो लस घेतल्यावर थोड्या आठवड्यांत दिसतो, वर्षांनंतर दबा धरून येत नाहीं.

आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचे वण अजून आहेत. ज्या रोगास लोक देवीचा कोप म्हणत, त्याच्या लसीसही आपण 'देवी काढणें' असेंच म्हटलें. १९७७ सालीं भारत देवीमुक्त ठरला. वण राहिला आणि भीति कोणाला आठवत नाहीं.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. विषाणू मात्र आहेच. श्वासरोग्यानें आतां आपल्या डॉक्टरांस तीन गोष्टी विचाराव्या : कोरोनाचा आणखी डोस मला हवा काय, इन्फ्लुएंझाची लस दरसाल कोणत्या महिन्यांत घ्यावी, आणि न्यूमोकॉकसची घ्यावी काय. शेवटच्या दोन लसींची शिफारस जुन्या फुफ्फुसविकाराला पूर्वींपासूनच आहे, परंतु आमच्या भागांत त्यांचें नांवही फारसें निघत नाहीं. आणि घरांत कोणी पायऱ्यांवर टेकूं लागली असेल, तर तिला एकदां श्वास मोजावयास न्यावें. नळींत जोरानें फुंकावयाचें असतें, एवढेंच. फुंकणीची सवय असलेल्यांना तें शिकवावें लागत नाहीं.