भीतीला हसू नये

मोठा पाऊस लागला की आमची आजी रात्रभर जागी राहते. तिचे माहेर पुण्यात, शनिवार पेठेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मग खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. तेव्हा ती आमच्याएवढी होती. अजून पत्र्यावर पाऊस वाजला की तिची छाती धडधडते, हातांना घाम येतो. घरातले हसतात. मला ते पटत नाही. संकटात पळायला बळ मिळावे म्हणून हृदय आपोआप जोरात चालते. पण कधी कधी संकट गेले तरी शरीर ते विसरत नाही. यात आजीचा काय दोष?

परीक्षेच्या सकाळी आपल्या वर्गातही कुणाचे पोट दुखते. लगेच म्हणतात, "नाटक करतोय!" अहो, ते दुखणे खरे असते. पालकांनी आधी शेजारी बसून ऐकून घ्यावे, रागवायचे ते नंतर. श्वास सावकाश सोडत राहिले की धडधड कमी होते, आजीला ते जमते. पण झोप आणि जेवणच उडाले तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारने २०२२ साली 'टेली मानस' सुरू केले आहे. १४४१६ वर फोन करायला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.