नाताळचा बाजार आणि प्रवासी

नाताळच्या दिवसांत युरोपांत फिरणाऱ्या प्रवाशास तेथील नाताळ-बाजार पाहिल्यावांचून राहवत नाहीं. जर्मनींतील ड्रेस्डेन नगरचा बाजार १४३४ सालीं सुरू झाला. सणाच्या जेवणासाठीं लोकांस मांस घेतां यावें म्हणून प्रथम तो एकच दिवस भरे; पुढें नाताळच्या एका गोड पावावरून त्यास नांव पडलें. आज जें प्रवाशांस प्रेक्षणीय वाटतें, तें मूळचें गांवकऱ्यांच्या गरजेचें होतें.

आमच्या मावळांत असा निराळा नाताळ-बाजार नाहीं. पण नाताळच्या सुटींत लोणावळ्याचा बाजार पाहावा! १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धावूं लागली आणि मुंबईकरांस हें गांव जवळचें झालें. सुटींत येथें पाऊल ठेवावयास जागा नसते. एकीकडे शेंगदाणे व गूळ यांच्या चिक्कीचीं दुकानें. दुसरीकडे खेड्यांतून आलेल्या बाया पाटींत आवळे व हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसलेल्या. वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रांत ज्याचें वाण तयार झालें, तो इंद्रायणी तांदूळहि याच सुमारास नवा आलेला असतो. ख्रिस्ती घरांतील नाताळच्या करंज्या व शेजाऱ्यांच्या दिवाळीच्या करंज्या एकाच बाजारांतील जिनसांच्या होतात. असा हा बाजार सर्वांचाच आहे.

येथेंच आम्हांस एक गोष्ट खटकते. दुकानांत छापील किंमत मुकाट्यानें देणारा प्रवासी पाटीवाल्या बाईशीं मात्र दोन रुपयांसाठीं हुज्जत घालतो. आम्हीहि कधीं कधीं असेंच वागलों आहों, हें कबूल केलें पाहिजे. फसवणूक सोसावी, असें आमचें म्हणणें नाहीं. भाव विचारावा, माल पारखून घ्यावा. परंतु दुसऱ्याच्या श्रमाचें मोल पाडून केलेली बचत ती बचत नव्हे.

कोणी म्हणेल, बाजारांत धर्म कशाला? पण पहिल्या नाताळच्या वेळीं योसेफ व मरीया हीं प्रवासीच होतीं, आणि बेथलेहेमांत त्यांस उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. दारीं आलेल्या परक्याशीं गांवानें कसें वागावें, हा धडा आपण त्यांतून घेतों. परगांवीं गेलेल्यानें त्या गांवाशीं कसें वागावें, ही त्याच धड्याची दुसरी बाजू होय.

विद्यार्थीमित्रहो, या सुटींत आईबापांबरोबर बाजारांत जाल, तेव्हां पाटीवालीस प्रथम ‘मावशी’ म्हणून हांक मारा व मग भाव विचारा. आपला नाताळ तेथूनच सुरू होऊं द्या.