सेल्डनची योजना आणि संपादकाचा हट्ट

आयझॅक असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेवर यंदा परिसंवाद घ्यायचं ठरलं, तेव्हा लेख येतील की नाही अशी धाकधूक होती. ज्यांच्याकडे मागितले त्यांचे आलेच, पण न मागितलेलेही आले. कुणाला ती विज्ञानकथेतली सर्वश्रेष्ठ कलाकृती वाटते, तर कुणी पहिलं पुस्तक अर्ध्यात मिटलं ते पुन्हा उघडलंच नाही. ‘बरी आहे’ असं म्हणणारा एकही नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मासिककथांवर आजही अशी हमरीतुमरी होते, हे बघून कुठल्याही संपादकाला थोडा हेवा वाटेल.

मासिककथा हा शब्द मुद्दाम वापरला. १ ऑगस्ट १९४१ रोजी एकवीस वर्षांचा असिमॉव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने जॉन कॅम्बेल या संपादकाला भेटायला निघाला होता. डोक्यात गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास घोळत होता. तोच ऱ्हास आकाशगंगेएवढा मोठा केला तर? ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या मे १९४२च्या अंकात पहिली कथा आली आणि १९५०च्या सुरुवातीपर्यंत बाकीच्या येत राहिल्या. त्यांची तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ या काळात निघाली. म्हणजे आपण जिला कादंबरीत्रयी म्हणून जोखतो, ती दर खेपेला शब्दांच्या हिशेबाने पैसे घेऊन लिहिलेली मजकुराची मालिका आहे. पात्रं पन्नास पानांत येतात आणि जातात, पुढच्या कथेत कित्येक वर्षं उलटलेली असतात, हा तक्रारीचा पहिला मुद्दा इथूनच उगवतो.

दुसरी तक्रार अशी की या मालिकेत काही घडतच नाही. ही तक्रार खरी आहे. लढाया पडद्याआड होतात आणि माणसं खोलीत बसून त्यांच्यावर बोलतात. पुढचा भाग लिहायला बसण्यापूर्वी असिमॉव्हने स्वतः जुनी पुस्तकं पुन्हा वाचली, तेव्हा त्यालाही हीच अस्वस्थता जाणवली आणि ती त्याने मोकळेपणाने लिहूनही ठेवली. तरीही १९६६ साली सर्वकालीन सर्वोत्तम मालिकेचा ह्यूगो पुरस्कार ‘फाउंडेशन’ला मिळाला, टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्या स्पर्धेत मागे पडली. टॉल्किनचे चाहते अजून ते विसरलेले नाहीत.

मालिकेतल्या गणिती हॅरी सेल्डनचं ‘मनोइतिहास’ हे काल्पनिक शास्त्र वादाच्या मुळाशी आहे. बारा हजार वर्षं टिकलेलं साम्राज्य कोसळणार आहे आणि ते थांबवता येणार नाही. मात्र पुढची तीस हजार वर्षांची अंदाधुंदी एका हजार वर्षांवर आणता येईल, असं त्याचं गणित सांगतं; हीच सेल्डनची योजना. असिमॉव्ह रसायनशास्त्राचा माणूस. वायूचा एक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण अब्जावधी रेणूंचा दाब किती भरेल ते सांगता येतं, हीच कल्पना त्याने माणसांच्या गर्दीला लावली. अट दोन गोष्टींची. गर्दी प्रचंड हवी आणि तिला भाकिताचा पत्ता नसावा.

आपल्या दिवाळी अंकांच्या शेवटच्या पानांवर जे असतं, ते बरोबर याच्या उलट आहे. राशिभविष्य एकेका माणसाचं सांगतात आणि ज्याचं आहे त्यालाच सांगतात. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह पत्रिकांची जी चाचणी घेतली, ती यानिमित्ताने आठवते. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवलं असतं तर थोडं बरं जमलं असतं. (आमच्याही अंकात राशिभविष्य आहे. जाहिरात विभागाशी या विषयावर आमचे मतभेद आहेत.)

तर मालिकेच्या विरोधकांचा खरा आक्षेप मला शैलीवर वाटत नाही. एकट्या माणसाला काही किंमत नाही असं सांगणारी गोष्ट त्यांना वाचवत नाही. आणि चाहत्यांना नेमकं तेच सुखावतं: आपण घाबरलो, चुकलो, तरी कुणीतरी आधीच हिशेब करून ठेवलाय. पहिल्या पुस्तकातली प्रत्येक कथा हेच सुख देते. संकट येतं, ते टाळायला फारसं कुणी काही करत नाही आणि कधी कधी शेवटी सेल्डनची ध्वनिचित्रमुद्रित आकृती प्रकट होऊन शाबासकी देते. दोन-तीनदा मजा येते. चौथ्यांदा वाचक जांभई देणार हे कुणाच्या लक्षात आलं? संपादकाच्या.

१९४५च्या सुरुवातीला कॅम्बेलने असिमॉव्हला सांगितलं की सेल्डनची योजना मोडायची. असिमॉव्हला ते अजिबात नको होतं. पण संपादक हटेना, आणि त्या हट्टातून ‘म्यूल’ जन्मला: दुसऱ्यांच्या भावना हव्या तशा वळवू शकणारा एक उत्परिवर्तित माणूस, जो कुठल्याच समीकरणात बसत नाही. त्या कथेतला एक प्रसंग मला साऱ्या मालिकेत अव्वल वाटतो. शत्रू दाराशी आलाय, सगळे पुढारी सभागृहात जमलेत, सेल्डनची आकृती ठरल्या वेळी प्रकट होते आणि भलत्याच संकटाबद्दल बोलू लागते, जे आलेलंच नाही. मेलेला माणूस शांतपणे चुकीचं उत्तर वाचत राहतो. असिमॉव्हला भाषा येत नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन पानं पुन्हा वाचावीत.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

त्या कथेच्या अखेरीस म्यूलला अडवते ती बेटा, कोणतंही पद नसलेली एक तरुण स्त्री. विदूषकाच्या सोंगात तो तिच्यासोबत हिंडत असतो. तिला तो खरोखरच आवडलेला असतो, त्याने काही न करता; आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला आपण असेच आवडलो, या आनंदात तो तिचं मन तेवढं न वळवता सोडून देतो. म्हणून तिला सगळं उमगतं. ज्ञानी एब्लिंग मिस तोंड उघडून एक महत्त्वाचं रहस्य सांगणार, त्याआधीच ती त्याला गोळी घालते. ज्या मालिकेच्या पहिल्या पुस्तकात बाईमाणूस जवळजवळ औषधालाही नाही, तिचा कणा एका बाईच्या क्षणभराच्या निर्णयावर उभा राहतो, आणि तो निर्णय कुठलंच गणित सांगू शकलं नसतं. आमच्या परिसंवादात दोन्ही पक्षांनी या प्रसंगाला बगल दिली, याचं नवल वाटतं. दोघांचीही अडचण होते म्हणून असेल.

नंतरच्या खंडांबद्दल माझं मत थोडक्यात. १९८२ साली प्रकाशकाच्या आग्रहावरून ‘फाउंडेशन्स एज’ आलं, खूप खपलं, त्याला ह्यूगोही मिळाला. मग यंत्रमानवांच्या कथा आणि साम्राज्याच्या कथा एकाच सूत्रात ओवण्याचा उद्योग सुरू झाला. सगळ्यामागे कुणीतरी एकच आहे असं निघालं की जग मोठं होण्याऐवजी लहान होतं. २०२१पासून आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने गाल डॉर्निक आणि सॅल्व्हर हार्डिन या पुरुष पात्रांना स्त्रिया केलं यावर जुने वाचक चिडले. मला त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. सम्राटाच्या वारसदार प्रतिकृतींची भर तर मूळ पुस्तकांतल्या सम्राटांपेक्षा जास्त जिवंत आहे. विज्ञानकथा संमेलनांमध्ये असिमॉव्ह स्त्रियांशी ज्या रीतीने वागत असे, तेही आता उघडपणे बोललं जातं आणि काही वाचकांनी त्याच कारणाने त्याला दूर ठेवलंय. त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटत नाही.

नव्याने वाचणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? असिमॉव्हने कथेतल्या काळानुसार यादी दिली होती. ती बाजूला ठेवा. १९५१चं पुस्तक आधी घ्या, कंटाळा आला तर दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात थेट म्यूलपाशी जा. परिसंवाद राशिभविष्याच्या आधी छापला आहे. पत्रं पाठवा, विरोधातली आधी छापू.