शालू दाखवणारा आणि गाठोडी उचलणारा

२०१६ चा दसरा संपला आणि मी बनारसच्या चौक भागातल्या एका साडीच्या दुकानात महिनाभरासाठी कामाला लागलो. तिथेच एम.ए. करत होतो. स्कॉलरशिप खात्यावर आली नव्हती, मेसचं बिल थकलं होतं. दुकानदाराला मराठी बोलणारा मुलगा हवा होता. कार्तिकात पंचगंगा घाटावर स्नानाला महाराष्ट्रातून माणसं येतात आणि काशीला आलेलं मराठी कुटुंब शालू पाहिल्याशिवाय सहसा परत जात नाही. नऊ हजार रुपये, साडीमागे कमिशन वेगळं. कागदावर काहीच नाही.

दुकान रात्री अकराला बंद व्हायचं आणि वसतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून तेवढ्यापुरता दुकानातल्याच एका मुलाच्या खोलीवर राहिलो, मंगला गौरी मोहल्ल्यात. आपल्याकडे मंगळागौर म्हटलं की श्रावणातले खेळ आणि नऊवारी आठवते. (आमच्या वस्तीत ती कधी आली नाही, मी ती शाळेच्या गॅदरिंगमध्येच पाहिली.) तिथे मंगला गौरी म्हणजे पंचगंगा घाटाच्या वरचं देऊळ आणि त्याभोवतीच्या अरुंद गल्ल्या. जवळच ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी ब्राह्मण घरं. पहाटेच्या अंधारात पायऱ्यांवर पडलेल्या कबीराला रामानंदांचा पाय लागला, ती कथा याच घाटाची.

बनारसी साडीचं जुन्या पद्धतीचं दुकान ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काउंटर नसतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर. चपला बाहेर. गिऱ्हाईक गादीवर बसतं, दाखवणारा समोर मांडी घालून बसतो आणि साडी हवेत अशी फेकतो की ती उलगडतच खाली येते. मालक कोपऱ्यात तक्क्याला टेकून, गल्ला त्याच्याजवळ. आणि या चादरीच्या बाहेर आणखी एक दुकान चालू असतं. वरच्या गोदामातून गाठोडी आणणारा, उलगडलेल्या पन्नास साड्यांच्या घड्या घालणारा, चहा-पाणी देणारा, झाडणारा. चादरीवर बसतो त्याला कमिशन. चादरीबाहेरच्याला रोज. साडी ज्याने विणली तो मदनपुऱ्याचा किंवा पिली कोठीचा विणकर तर दारातच उभा असायचा, हिशेब कधी होणार ते विचारत.

मला चादरीवर जागा मिळाली, ती माझ्या मराठीमुळे. तिथल्या कोणालाच माझं आडनाव वाचता येत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. महाराष्ट्रात ते नुसतं उच्चारलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, उत्तर मिळालेलं असतं. बनारसमध्ये तो नुसता एक परका आवाज होता. शेठजी मला ‘मराठा’ म्हणायचे, शिवाजी महाराजांचं नाव घ्यायचे. मी ते खोडून काढलं नाही. खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही, आणि ते पंधरा-वीस दिवस मला हलकं वाटलं हे कबूल करतो. ज्याच्या खोलीवर राहत होतो तो मुलगाही बी.ए. झालेला, मिर्झापूरकडचा. त्याने नावापुढे नुसतं ‘कुमार’ लावलं होतं. महाराष्ट्रात ‘कुमार’वरून काही कळलं नसतं. बनारसमध्ये सगळ्यांना कळायचं. तो गोदामात होता.

दिवाळीचे दिवस गिऱ्हाइकांच्या धबधब्यात गेले. धनत्रयोदशीला तर सकाळी दहाला मांडी घातली ती रात्री बाराला सोडली. नंतरच्या आठवड्यात पुण्याकडचं एक कुटुंब आलं. मुलीचं लग्न ठरलेलं, शालू घ्यायचा होता. तासभर छान गेला. कतान, तनछुई, जंगला, मी एकेक समजावून सांगत होतो. काकू म्हणाल्या, “अहो, तुम्ही किती छान सांगता, अगदी घरचं कोणी बसल्यासारखं वाटतंय. आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं.

“असं होय.” मग गाव विचारलं. मग काका म्हणाले, “बरं, तो लाल काढ रे पुन्हा.”

एवढंच. ‘अहो’चं ‘अरे’ झालं, ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला. यावर कोणत्या पोलिस ठाण्यात तक्रार करणार? शालू त्यांनी घेतला, पण दुसऱ्या सेल्समनकडून, मोडक्यातोडक्या हिंदीत. जाताना काका शेठजींजवळ दोन मिनिटं थांबले. काय बोलले मला माहीत नाही. संध्याकाळी शेठजींनी सहज विचारावं तसं विचारलं, “तुम लोग वहाँ कौन होते हो?” दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “आज से ऊपर माल देख लो.” आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. उलट चहा पाजला.

मला वरच्या गोदामाची लाज वाटली नाही, माझी आई आयुष्यभर त्याहून जड ओझी वाहत आली. राग येतो तो ‘कुठलंही काम लहान नसतं’ हे वाक्य आपल्यालाच ऐकवलं जातं तेव्हा. काम लहान नसेल, पण कामांची उतरंड असते आणि तिच्यात कोणाला कुठे ठेवायचं हे काम पाहून ठरत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला थुंकी लागे. जास्त पगार त्याच खात्यात होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, आणि १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मण्य व भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत असं सांगितलं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पात्रता सारखीच असूनही दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीचं बोलावणं कमी आलं. आज मॉलमध्ये थुंकीचं कारण कोणी देत नाही. ‘प्रेझेंटेबल’ असा शब्द वापरतात आणि आपली मुलं पुढच्या फ्लोअरऐवजी मागच्या स्टॉकरूममध्ये जातात.

माझ्या पगाराची गोष्ट राहिली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. १२ तारखेला शेठजींनी मला पाचशेच्या अठरा जुन्या नोटा मोजून दिल्या. कमिशनचं विचारलं तर “बाद में.” ते ‘बाद में’ अजून आलेलं नाही. दोन दिवस बँकेच्या रांगेत उभा राहून मी ते पैसे स्कॉलरशिपच्या खात्यात भरले. कुमारचं खातं गावाकडे होतं, तो नोटा घेऊन गावी गेला. १४ तारखेच्या देवदिवाळीला घाटावर हजारो दिवे होते आणि खोलीवर मी एकटाच होतो.

उत्तर प्रदेशात दुकानांसाठी १९६२ पासून कायदा आहे हे मला त्या महिन्यात माहीत नव्हतं. महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, त्यावर काम केलं तर दुप्पट दराने पैसे. पण त्यातल्या बहुतेक तरतुदी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांपुरत्या होत्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा वीस करायला व तास दहा करायला मंजुरी दिली. आपली मुलं सीझनला जिथे लागतात त्यातल्या किती दुकानांत वीस माणसं असतात? आठवड्याची सुट्टी तरी आपसूक मिळालेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी ती १८९० साली मिळवली. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नसत. विजी पालिथोडी यांच्या ‘पेनकूट्ट’ने कोझिकोडमधून लढा दिला आणि २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. त्या बायका पदवीधर नव्हत्या. आपण आहोत, आणि सीझनच्या कामाला ‘तात्पुरतं आहे’ म्हणून त्याबद्दल बोलतही नाही.

मागच्या दिवाळीआधी आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा फोन आला. बी.कॉम. झालेली, घरातली पहिलीच. औरंगाबादेत एका मोठ्या कापड दुकानात महिनाभरासाठी बोलावलं होतं. तिने विचारलं, “दादा, आडनाव सांगू का नुसतं नाव सांगू?” काय सांगावं मला कळेना. लपवलं तर काय होतं आणि सांगितलं तर काय होतं, दोन्ही मी पाहिलं होतं. शेवटी म्हणालो, तुला योग्य वाटेल ते सांग. पण पगार किती, कमिशन किती आणि कुठल्या तारखेला, हे त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. तिने घेतलं. त्यांनी तिला बिलिंगला बसवलं. खुर्ची आहे का, विचारलं मी. म्हणाली, आहे, पण गर्दीच्या वेळी काढून घेतात.