पिकअप खाली घ्यायची की पाटे वाढवायचे? प्रश्न दिसण्याचा नाही, ब्रेकचा आहे

लातूर/नांदेड : २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नवी पिकअप घेण्याची चर्चा गावोगाव सुरू झाली. गाडी दारात आली, नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी पोरं गॅरेजला. एकाला मोबाईलवर पाहिलेली, जमिनीला टेकल्यासारखी खाली घेतलेली पिकअप पाहिजे. दुसऱ्याला जादा पाटे टाकून मागून उचललेली. दोघंही विसरतात की पाट्याला हात लावला की ब्रेकलाही हात लागतो.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. माल जास्त बसावा म्हणून मागं दोन पाटे वाढवले. सोयाबीनचे कट्टे भरून लातूरच्या आडतीला निघालो. अहमदपूरच्या अलीकडं पुढचं ट्रॅक्टर एकदम वळलं. ब्रेक दाबला, पण गाडी थांबायची तिथं थांबलीच नाही. बाजूच्या रानात घातली म्हणून वाचलो. नंतर एका जुन्या मिस्त्रीनं गाडीखाली झोपवून कारण दाखवलं.

मागची दांडी काय करते?

बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याची दांडी एक्सल आणि चेसिसमधलं अंतर बघते. माल भरला, गाडी दबली, अंतर कमी झालं की मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. गाडी रिकामी असली की कमी मिळतो.

पाटे वाढवले तर माल भरूनही गाडी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. मागचा ब्रेक कमी पडतो आणि सगळा जोर पुढच्या चाकांवर येतो. उलट गाडी खाली घेतली तर रिकामी असतानाही ती भरलेली समजली जाते. मग ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होतात आणि शेपूट फिरते. म्हणून पाट्याचं कसलंही काम झालं की ही दांडी कंपनीच्या मापानं पुन्हा जुळवावी लागते. किती गॅरेजवाले जुळवतात, हे ज्याचं त्यानं विचारून बघावं.

लोअरिंग किट कुणासाठी?

ही फॅशन अमेरिकेतून आली. तिकडं पिकअप घरच्या कारसारखी, बहुतेक वेळा रिकामी, गुळगुळीत रस्त्यावर चालते. तिथं गाडी खाली घेतली की वळणावर कमी झुकते आणि मागं सामान चढवायलाही सोपं जातं. हा फायदा खोटा नाही. पण आपल्याकडं डांबरी सोडली की पाणंद रस्ता. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोऱ्या वीतभर खोल. मुखेड तालुक्यात ऑगस्ट २०२५ मध्ये पुराचं पाणी गावांत घुसलं, तेव्हा रस्त्यांची काय दशा झाली ते आपण पाहिलंय. अशा ठिकाणी खाली घेतलेली गाडी पोटावर बसणार. माल भरला की एक्सल रबरावर आपटणार आणि तो दणका चेसिसला बसणार.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा मालाला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, हे लक्षात ठेवा. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस असतो, तिथंही प्रश्न येणार. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, ते वेगळंच.

मग करायचं काय?

जास्त माल न्यायचा असेल तर घेतानाच मोठं मॉडेल घ्या. बोलेरो मॅक्स पिकअप १.३ टनापासून २ टनापर्यंत मिळते. वर्षातले दहा दिवस जादा माल असेल तर दोन खेपा करा, नाहीतर शेजाऱ्याची गाडी सांगा. गाडी मागून बसली असेल तर पाटे वाढवू नका, तुटलेला किंवा दबलेला पाटा कंपनीच्या मापाचाच बदला. यू-बोल्ट नवे टाका, थोडं चालवून पुन्हा आवळा. आणि गॅरेजमधून निघण्याआधी त्या दांडीचं विचारा.

खेपेमागं चार कट्टे जास्त गेले तर हातात किती उरतं, ते आडतीच्या पट्टीवर दिसतं. ब्रेक न लागल्याची किंमत कुठल्याच पट्टीवर लिहिलेली नसते.